टायटल ब्लॉक म्हणतो रेव्हिजन सी, डीएमएस म्हणतं बी: मेळ कसा घालायचा?

टीस्क्वेअर (धागाकर्ता)

ऑटोकॅडच्या सुमारे ४००० डीडब्ल्यूजी फाइली आहेत. बहुतेक ए१, सिव्हिल आणि पाइपिंगच्या. प्रत्येकीत टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) म्हणजे ॲट्रिब्यूट (मजकूर भरायचे रकाने) असलेला ब्लॉक आहे, त्यात १४ ॲट्रिब्यूट: ड्रॉइंग नंबर, शीर्षकाच्या तीन ओळी, रेव्हिजन, तारीख, स्केल, शीट, काढणारा, तपासणारा, मंजुरी देणारा वगैरे. हीच माहिती डीएमएसमध्ये (डॉक्युमेंट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे कागदपत्रांची नोंद ठेवणारी प्रणाली) पुन्हा हाताने भरली जाते. त्यामुळे ड्रॉइंगवर रेव्हिजन सी तर डीएमएसमध्ये बी, शीर्षकात एकीकडे 'प्लॅन' तर दुसरीकडे 'लेआउट', असे प्रकार.

डीएमएसला एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने जोडून घ्यायची सोय) आहे, मागे एसक्यूएल सर्व्हर आहे. विचारायचं ते असं:

१. माहिती ॲट्रिब्यूटमध्येच ठेवावी की फाइलच्या प्रॉपर्टीमध्ये, म्हणजे डीडब्ल्यूजीप्रॉप्समध्ये?
२. सिंक दोन्ही दिशांनी करावा का?
३. जुन्या ४००० फाइलींचं काय करायचं?

फाईलकारकून

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करा. त्याचं उत्तर ठरल्याशिवाय बाकीच्या दोन्हींना हात लावू नका.

दोन्ही दिशांनी सिंक, असं आख्ख्या फाइलीबद्दल ठरवता येत नाही, एकेका रकान्याबद्दल ठरवावं लागतं. एका कागदावर १४ रकाने लिहा आणि प्रत्येकापुढे मालक कोण ते लिहा. मालक एकच. ज्या रकान्याला दोन मालक असतील तो रकाना सहा महिन्यांत पुन्हा बिघडतो, कारण दोन्हीकडे वेगळं मूल्य दिसलं तर खरं कोणतं हे प्रोग्रॅमला कळत नाही. मग तो 'शेवटी बदललेलं ते खरं' असा नियम लावतो, आणि शेवटी बदललेलं ते हमखास चुकीचं असतं.

ढोबळमानाने असं: ड्रॉइंग नंबर, रेव्हिजन, स्टेटस, मंजुरी देणाऱ्याचं नाव आणि इश्यूची तारीख यांची मालकी डीएमएसकडे, कारण नंबर तिथल्या रजिस्टरमधून निघतो आणि मंजुरी तिथल्या वर्कफ्लोमध्ये होते. स्केल, कागदाचा आकार आणि एकूण शीट यांची मालकी ड्रॉइंगकडे. स्केल डीएमएसमध्ये बदलून ड्रॉइंगमध्ये लिहिलं तर व्ह्यूपोर्ट (कागदावर ड्रॉइंग दाखवणारी चौकट) १:१०० वरच राहतो आणि टायटल ब्लॉकवर १:५० येतं. ते साइटवर गेलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

रकाने ठरवताना आयएसओ ७२००:२००४ समोर ठेवा. त्यात बंधनकारक रकाने आठच आहेत: कायदेशीर मालक, ओळख क्रमांक, इश्यूची तारीख, शीट क्रमांक, शीर्षक, मंजुरी देणारा, तयार करणारा आणि दस्तऐवजाचा प्रकार. आपल्याकडचं भारतीय मानक आयएस ११६६५ही टायटल ब्लॉकबद्दलच आहे. तुमच्या १४ पैकी सिंकमध्ये आठ-नऊच घ्या. बाकीचे ड्रॉइंगपुरते राहू द्या.

लिस्पवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोन्हीकडे, पण साखळी पद्धतीने. डीएमएस फक्त कस्टम प्रॉपर्टीत लिहील (डीडब्ल्यूजीप्रॉप्सच्या खिडकीतला 'कस्टम' टॅब) आणि टायटल ब्लॉकमधला ॲट्रिब्यूट ती प्रॉपर्टी 'फील्ड' (आपोआप ताजा होणारा मजकूर) म्हणून दाखवेल. लिहिणाऱ्याला ब्लॉकचं नाव, लेआउट (छपाईचं पान), जागा यातलं काही शोधावं लागत नाही. एका फाइलीत पाच लेआउट असले तरी नंबर एकदाच लिहायचा.

रचना अशी: टेम्प्लेटमध्ये कस्टम प्रॉपर्टी तयार करा. टायटल ब्लॉकचा ब्लॉक एडिटर उघडा, ॲट्रिब्यूटच्या डिफॉल्ट मूल्यात 'इन्सर्ट फील्ड' करून डॉक्युमेंट गटातली ती प्रॉपर्टी निवडा. प्रॉपर्टी रिकामी असेल तर ड्रॉइंगवर चार आडव्या रेघा दिसतात, आणि फील्डचा संदर्भच तुटला असेल तर चार हॅशची चिन्हं. प्लॉटवर हॅश दिसले तर प्रॉपर्टीचं नाव कोणीतरी बदललं आहे असं समजा.

फील्ड कधी ताजं होतं हे फील्डइव्हॅल या सिस्टिम व्हेरिएबलवर आहे. ती बेरीज असते: उघडताना १, सेव्ह करताना २, प्लॉटला ४, ई-ट्रान्समिटला (फाइली एकत्र बांधून पाठवताना) ८, रीजनला (ड्रॉइंग पडद्यावर पुन्हा रेखाटताना) १६. डिफॉल्ट ३१, म्हणजे सगळं चालू. हे मूल्य ड्रॉइंगमध्येच सेव्ह होतं, त्यामुळे जुन्या फाइलीत कोणी ० करून ठेवलं असेल तर तिथे प्रॉपर्टी बदलली तरी टायटल ब्लॉक ढिम्म. बॅचमध्ये आधी ते ३१ करा, मग अपडेटफील्ड द्या.

आता खड्डे.

ॲटसिंक देऊन जुन्या ड्रॉइंगमध्ये फील्ड येईल अशी आशा धरू नका. ॲटसिंक टॅग, जागा आणि फॉन्ट ब्लॉकच्या व्याख्येप्रमाणे करतं. आधी इन्सर्ट झालेल्या ब्लॉकमधली मूल्यं तशीच ठेवतं. म्हणजे जुन्या फाइलींमध्ये प्रत्येक ॲट्रिब्यूटमध्ये फील्डचा कोड स्वतंत्रपणे लिहावा लागतो. शिवाय ॲटसिंकने कोणी हाताने सरकवलेले ॲट्रिब्यूट मूळ जागी परत जातात, आणि ते बहुधा कशावर तरी चढू नयेत म्हणूनच सरकवलेले असतात.

दुसरं, ड्राफ्ट्समन डबल-क्लिक करून फील्डवर सरळ टाइप करतो. फील्ड गेलं, साधा मजकूर राहिला, आणि दिसायला दोन्ही सारखेच. स्क्रीनवर फील्डमागची करडी पट्टी म्हणजे फील्डडिस्प्ले चालू ठेवा. प्लॉटवर ती येत नाही.

तिसरं उलट्या बाजूने. ज्या ॲट्रिब्यूटमध्ये फील्ड आहे त्यात प्रोग्रॅमने नुसता मजकूर बदलला, तर फील्ड त्या ॲट्रिब्यूटच्या एक्स्टेन्शन डिक्शनरीत तसंच बसून राहू शकतं. मग पुढच्या रीजनला जुनं मूल्य परत. साधा मजकूर लिहायचाच असेल तर आधी फील्ड काढा.

टीस्क्वेअर

फाईलकारकून, लिस्पवाला, आभार. मालकीचा तक्ता करायला घेतो.

एक चाचणी म्हणून टायटल ब्लॉकच्या नावाने शोधणारी छोटी लिस्प (ऑटोकॅडच्या आत चालणारा प्रोग्रॅम) चालवली. काही फाइलींमध्ये ब्लॉक समोर दिसतो, पण लिस्प म्हणते शून्य सापडले. असं का? आमचा टायटल ब्लॉक डायनॅमिक आहे, ए१/ए२/ए३ अशी निवड त्यातच आहे.

लिस्पवाला

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. डायनॅमिक ब्लॉकचा आकार बदलला की ऑटोकॅड त्या इन्सर्टसाठी निनावी व्याख्या तयार करतं. तिचं नाव तारांकित 'यू' आणि पुढे आकडा, म्हणजे *यू१२ वगैरे. नावाने गाळणारी निवड तिला ओळखत नाही. साध्या ऑटोकॅडमध्ये ॲक्टिव्हएक्सचं (प्रोग्रॅमने ऑटोकॅड चालवायची सोय) 'इफेक्टिव्हनेम' वाचलं की मूळ नाव मिळतं. ते जिथे चालत नाही तिथे निनावी ब्लॉक-रेकॉर्डच्या एक्सडेटामध्ये (जोडलेल्या जादा माहितीत) मूळ ब्लॉकचा हँडल (फाइलीतला ओळख क्रमांक) असतो, तो वाचून मागे जाता येतं.

पण नावाचा नाद सोडलात तर सोपं पडेल. ४००० फाइलींमध्ये एकच नाव असणार नाही. कोणी ब्लॉकची नक्कल काढून शेवटी '१' लावलेला असतो. एक्सरेफ (बाहेरून जोडलेलं ड्रॉइंग) बाइंड केलेला असेल तर नावात दोन डॉलरच्या मध्ये शून्य घुसलेलं असतं. त्याऐवजी टॅग बघा: पेपर स्पेसमधला (कागदाच्या मांडणीतला) असा कोणताही इन्सर्ट, ज्यात ड्रॉइंग नंबर आणि रेव्हिजन हे दोन्ही टॅग आहेत. एका लेआउटमध्ये असे दोन सापडले तर तिथे थांबा, अहवालात नोंद करा, काही लिहू नका. बहुतेक वेळा एक कागदाबाहेर पडलेला असतो.

आणखी दोन गोष्टी तपासा. 'कॉन्स्टंट' ॲट्रिब्यूट इन्सर्टमध्ये नसतोच, तो व्याख्येत असतो, त्यामुळे तो सापडणारही नाही आणि बदलताही येणार नाही. बॅटमॅन (ब्लॉकच्या ॲट्रिब्यूटची खिडकी) उघडून मोड बघा. आणि टायटल ब्लॉकच एक्सरेफ म्हणून जोडलेला असेल तर त्यातले ॲट्रिब्यूट यजमान ड्रॉइंगमधून बदलता येत नाहीत. चौकट एक्सरेफ, ॲट्रिब्यूटचा ब्लॉक वेगळा आणि यजमान फाइलीत, अशी रचना हवी.

गिअरबॉक्स

मेकॅनिकलवाल्यांसाठी: सॉलिडवर्क्सच्या ड्रॉइंगमध्ये टायटल ब्लॉकचा मजकूर दोन ठिकाणांहून येतो, ड्रॉइंगच्या स्वतःच्या कस्टम प्रॉपर्टीतून किंवा शीटवर दाखवलेल्या मॉडेलच्या प्रॉपर्टीतून. दोन्हींची जोडणी वेगळी असते. पार्टचं नाव आणि मटेरियल मॉडेलकडून घ्या, रेव्हिजन ड्रॉइंगकडून. रेव्हिजन चुकून मॉडेलकडून घेतलं तर फक्त ड्रॉइंग बदलून इश्यू केलं तरी कागदावर मॉडेलचं जुनंच अक्षर छापलं जातं. शिवाय मॉडेलमध्ये फाइलपातळीची प्रॉपर्टी आणि कॉन्फिगरेशनची प्रॉपर्टी असे दोन टॅब आहेत. एकच नाव दोन्हीकडे असेल तर पीडीएमचं (सॉलिडवर्क्सच्या डीएमएसचं) डेटा कार्ड नेमकं कुठे लिहितं ते आधी एका फाइलीवर बघा.

रेघोटी

तिसरा प्रश्न, बॅच. रस्ते तीन आहेत.

पहिला, पूर्ण ऑटोकॅड उघडून स्क्रिप्ट. हळू आणि मध्येच खिडक्या येतात. ५० फाइलींपर्यंत ठीक.

दुसरा, कोअर कन्सोल. ऑटोकॅड २०१३ पासून त्याच फोल्डरमध्ये ही वेगळी ईएक्सई असते. इनपुट ड्रॉइंग आणि स्क्रिप्ट दिली की खिडकी न उघडता चालते. वेग चांगला. अट एकच, पण महत्त्वाची: इथे ॲक्टिव्हएक्स नाही. 'व्हीएलए'ने सुरू होणारी लिस्प फंक्शन चालत नाहीत, सगळं एंटगेट आणि एंटमॉड या लिस्पच्या मूळ फंक्शनने करावं लागतं. लिस्पवाल्यांनी इफेक्टिव्हनेम जिथे चालत नाही म्हटलं ते हेच ठिकाण. एंटमॉडनंतर इन्सर्टवर एंटअपडी द्यायला विसरू नका.

स्क्रिप्टमध्ये मूल्यं सरळ लिहू नका. स्क्रिप्टमधली मोकळी जागा म्हणजे एंटर. 'पंप हाउस प्लॅन' लिहिलंत तर 'पंप' एका प्रश्नाचं उत्तर होतं, 'हाउस' पुढच्याचं, आणि तिथून स्क्रिप्ट भलत्याच कमांडमध्ये. मूल्यं वेगळ्या टेक्स्ट फाइलीत ठेवा आणि लिस्पने वाचा. फाइलडिया (फाइल निवडायच्या खिडकीचं व्हेरिएबल) ० ठेवा. आणि प्रत्येक फाइलीला वेळेची मर्यादा लावा, समजा ९० सेकंद. अनपेक्षित प्रश्नावर कन्सोल थांबला की तो थांबूनच राहतो, सकाळी येऊन बघाल तर तिसऱ्याच फाइलीवर अडकलेला.

तिसरा, डॉटनेटने डेटाबेस थेट वाचणं, म्हणजे जुन्या लोकांचं ऑब्जेक्टडीबीएक्स. यात ड्रॉइंग एडिटरमध्ये उघडतच नाही, म्हणून सगळ्यात वेगवान. पण किंमत आहे:

मध्यभागी किंवा उजवीकडे लावलेला मजकूर सरकतो. डावीकडचा नीट राहतो, त्यामुळे पहिल्या चाचणीत कळत नाही. कारण असं की मजकुराची नवी रुंदी मोजायला चालू 'वर्किंग डेटाबेस' लागतो, आणि तो भलताच असतो. लिहिण्याआधी वर्किंग डेटाबेस या फाइलीचा करा, मूल्य लिहिल्यावर ॲट्रिब्यूटवर 'ॲडजस्ट अलाइनमेंट' द्या, शेवटी जुना डेटाबेस परत लावा.

थंबनेल उडतं. 'रिटेन ओरिजिनल थंबनेल बिटमॅप' सेव्हच्या आधी ट्रू करा. नाहीतर डीएमएसच्या यादीत सगळी चित्रं कोरी दिसतील.

लेअर लॉक असेल तर ॲट्रिब्यूट लिहिण्यासाठी उघडताना एरर येते. लॉक लेअरवरही उघडण्याचा पर्याय त्याच कॉलमध्ये आहे.

आणि आवृत्ती. सेव्ह करताना 'करंट' दिलंत तर २०१० फॉरमॅटची फाइल गुपचूप २०१८ फॉरमॅटची होते आणि समोरच्याचं ऑटोकॅड २०१६ ती उघडत नाही. फाइलीची पहिली सहा अक्षरं वाचून ठेवा: एसी१०२४ म्हणजे २०१०, एसी१०२७ म्हणजे २०१३, एसी१०३२ म्हणजे २०१८. त्याच फॉरमॅटमध्ये परत लिहा.

४००० फाइलींसाठी मी तिसरा रस्ता घेईन, पण फील्ड ताजी करायला शेवटी कोअर कन्सोलची एक फेरी लागेलच.

नवीमुंबईकर

डीएमएसच्या बाजूने थोडं.

शेअरपॉइंट असेल तर: वर्ड-एक्सेलच्या प्रॉपर्टी तो लायब्ररीच्या रकान्यांशी आपोआप जुळवतो, डीडब्ल्यूजीच्या नाही. रकान्यात रेव्हिजन बदललं म्हणून ड्रॉइंगमध्ये बदलेल असं धरून चालू नका. मधला प्रोग्रॅम तुम्हालाच लिहावा लागतो.

तारखेचा घोळ इथलाच. एपीआयकडे वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) जाते. १५ जूनच्या मध्यरात्रीचे बारा, भारतीय वेळेने, म्हणजे यूटीसीमध्ये १४ जूनचे १८:३०. प्रोग्रॅमने पुढचा भाग कापून नुसती तारीख टायटल ब्लॉकवर लिहिली की इश्यू एक दिवस आधीचा. गंमत म्हणजे अमेरिकी वेळेवर चाचणी घेणाऱ्याला ही चूक दिसतच नाही, तिथली मध्यरात्र यूटीसीत त्याच तारखेला पडते. तारीख मजकूर म्हणूनच ठेवा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हा वादही मिटतो.

व्हॉल्ट (ऑटोडेस्कचं डीएमएस) असेल तर प्रॉपर्टी मॅपिंगची सोय तयार आहे. फाइलीतलं आणि व्हॉल्टमधलं मूल्य वेगळं झालं की तो 'इक्विव्हॅलन्स' जुळत नाही असं चिन्ह दाखवतो. तिथून सिंक्रोनाइझ दिलं की फाइलीची नवी आवृत्ती तयार होते. हजार फाइलींवर एकदम दिलंत तर हजार आवृत्त्या, तेवढी डिस्क हाताशी ठेवा.

रेव्हिजनची क्रमवारी मजकूर म्हणून लावू नका. मजकुरात १० हे २ च्या आधी येतं आणि डबल-ए हे बी च्या आधी. शिवाय एएसएमई वाय१४.३५ (रेव्हिजनचं अमेरिकी मानक) प्रमाणे चालणाऱ्या कामात आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही अक्षरं वापरतच नाहीत, म्हणजे एच नंतर सरळ जे. प्रोग्रॅमने 'पुढचं अक्षर' काढलं की आय येणार आणि क्लायंट ड्रॉइंग परत पाठवणार. डीएमएसमध्ये क्रमाचा वेगळा आकडी रकाना ठेवा आणि अक्षर तक्त्यातून उचला.

पुण्या-मुंबईतून ब्रिटनची कामं करणाऱ्यांसाठी: आयएसओ १९६५० (बांधकामाच्या माहिती व्यवस्थापनाचं मानक) च्या तिथल्या राष्ट्रीय परिशिष्टात स्टेटस आणि रेव्हिजन फाइलीच्या नावात नसतात, मेटाडेटात असतात. पी०१.०१ हे काम चालू असतानाचं, पी०१ हे शेअर केलेलं, सी०१ कराराचं. फाइलीच्या नावाच्या शेवटी '_रेव्ह_बी' चिकटवायची आपली सवय तिथे चालत नाही. खरं तर कुठेच चालू नये: नाव बदललं की त्या फाइलीवर अवलंबून असलेले सगळे एक्सरेफ तुटतात.

बोरूबहाद्दर

मराठी शीर्षकं असलेल्या ड्रॉइंगबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. नगरपालिका, पाटबंधारे, बांधकाम खात्याच्या कामांत ही ढिगाने असतात.

जुन्या फाइलीत शीर्षक शिवाजी, कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये असेल तर ॲट्रिब्यूटमध्ये देवनागरी नसतेच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. टायटल ब्लॉकवर 'पाणीपुरवठा योजना' सुबक दिसतं आणि डीएमएसमध्ये कचरा जातो. टेक्स्ट स्टाइलमधला फॉन्ट आधी वाचा, जुन्या फॉन्टपैकी असेल तर त्याच फॉन्टचा तक्ता लावून युनिकोड करा. शिवाजीचा तक्ता कृतीदेवला चालत नाही. पहिली वेलांटी आणि रफार यांच्या जागा उलटसुलट होतात, म्हणून रूपांतरानंतर माणसाने डोळ्याखालून घालणं भाग आहे.

युनिकोड झाल्यावरही फॉन्ट बदला. ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही, प्रश्नचिन्हं दिसतील. मंगल किंवा निर्मला लावा. फाइल २००४ फॉरमॅटमध्ये परत सेव्ह केली तर एकेक अक्षर 'उलटी तिरपी रेघ, यू, अधिक, चार अंक' असं मोडून साठवलं जाऊ शकतं. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ते उलगडून घ्यावं.

आता खरी मेख. 'दुसऱ्या मजल्याचा आराखडा' यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच. तुलना करणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र वेगळे, म्हणजे दर रात्री 'शीर्षक बदललं' म्हणून फाइल पुन्हा लिहिली जाणार. तसंच 'ॲ': एक अक्षर (यू+०९७२) किंवा अ वर चंद्र. युनिकोडचं एनएफसी (अक्षरं एकरूप करायची पद्धत) या दोन्ही जोड्या एक करत नाही, बदलाचा नियम स्वतः लिहावा लागतो. तुलनेच्या आधी दोन्ही बाजूंना तोच नियम लावा.

आणि इंग्रजी शीर्षकातसुद्धा: दोन टक्केचिन्हं आणि सी म्हणजे व्यासाचं चिन्ह, डी म्हणजे अंश, यू म्हणजे अधोरेखा. बहुओळी ॲट्रिब्यूटमध्ये फॉन्टचे कोड महिरपी कंसात असतात. डीएमएसकडे जाताना चिन्हं खऱ्या अक्षरांत बदला, अधोरेखा आणि फॉन्टचे कोड गाळा.

पाचवा_मजला

बोरूबहाद्दर, 'ऱ्या'बद्दल दंडवत. वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

टीस्क्वेअर

मालकीचा तक्ता झाला, शीर्षकावर अडलंय. टायटल ब्लॉकमध्ये तीन ओळी, डीएमएसमध्ये २५५ अक्षरांचा एकच रकाना. मालक कोण?

फाईलकारकून

डीएमएस. डॉक्युमेंट रजिस्टर क्लायंटने मंजूर केलेलं असतं, त्यातलं शीर्षक तेच खरं.

रेघोटी

असहमत. तीन ओळी कुठे तोडायच्या हे डीएमएसला माहीत नाही. एका ओळीत किती अक्षरं मावतात हे रकान्याची रुंदी आणि अक्षराची उंची यावर आहे. २.५ मिमी उंचीला मावलेलं शीर्षक ३.५ मिमीला चौकटीबाहेर जातं. अक्षरं मोजून तोडलं तर 'फाउंडेशन डिटे' एका ओळीत आणि 'ल्स' पुढच्या. शीर्षक ड्रॉइंगमधून डीएमएसकडे जावं, तीन ओळी एका मोकळ्या जागेने जोडून, रिकाम्या ओळी वगळून.

फाईलकारकून

मग ड्राफ्ट्समनने टायटल ब्लॉकमध्ये स्पेलिंग चुकवलं की तेच रजिस्टरमध्ये? आणि तिथून ट्रान्समिटलमध्ये (पाठवणीच्या पत्रात)?

लिस्पवाला

दोघांचंही बरोबर आहे, म्हणून डीएमएसमध्येच तीन रकाने करा: शीर्षक १, २, ३. जोडलेलं शीर्षक हा चौथा, नुसता हिशेबाने निघणारा रकाना, त्यात कोणी लिहायचं नाही. पहिल्या इश्यूपर्यंत दिशा ड्रॉइंगकडून डीएमएसकडे, इश्यू झाल्यावर डीएमएसकडून ड्रॉइंगकडे. एका क्षणी मालक एकच राहतो.

रेघोटी

चालेल. पण दिशा कधी पलटली हे स्टेटसवरून ठरू दे, कोणाच्या लक्षात ठेवण्यावर नको.

फाईलकारकून

माझं मत अजूनही डीएमएसच. पण तीन रकाने असतील तर वाद घालणार नाही.

नवीमुंबईकर

एक मोठी गोष्ट राहिली: ही फाइल म्हणजे डीएमएसमधली ही नोंद, हे कशावरून ठरवणार? फाइलीच्या नावावरून ठरवत असाल तर कोणी नाव बदललं की नातं तुटलं. डीएमएसचा अंतर्गत आयडी एका कस्टम प्रॉपर्टीत ठेवा, टायटल ब्लॉकवर दाखवू नका.

त्यातही एक सापळा आहे. नवं ड्रॉइंग कोरं कोण सुरू करतं? शेजारचं ड्रॉइंग उघडायचं, सेव्ह ॲज करायचं, आतलं पुसायचं. त्यासोबत आयडीही येतो. मग दोन फाइली एकाच नोंदीवर हक्क सांगतात आणि सिंक नव्या ड्रॉइंगवर जुना नंबर इमानेइतबारे छापतो. ऑटोकॅडचा स्वतःचा फिंगरप्रिंट जीयूआयडी यावर उपाय नाही, नक्कल केलेल्या फाइलीत तोही तसाच येतो.

उपाय चेक-इनच्या वेळी: फाइलीतला आयडी आणि ती फाइल डीएमएसमध्ये जिथून चेक-आउट झाली ती नोंद जुळत नसेल, किंवा चेक-आउटच नसेल, तर आयडी पुसा आणि नवी नोंद मागा. आपोआप जोडून देऊ नका.

फाईलकारकून

क्रमाबद्दल. मेटाडेटा लिहिला की फाइल बदलते, मग तिच्यातली एक रेघही हललेली नसो. तिचा हॅश (फाइलीवरून निघणारा ओळख-आकडा) बदलतो, बदलाची वेळ बदलते, आणि डीडब्ल्यूजीवर डिजिटल सही असेल तर ती अवैध होते. म्हणून क्रम असाच: मंजुरी, त्यानंतर रेव्हिजन, तारीख आणि नाव ड्रॉइंगमध्ये लिहिणं, मग फील्ड ताजी, मग पीडीएफ, मग पीडीएफवर सही, मग दोन्ही फाइलींना कुलूप. पीडीएफ आधी काढलं तर मंजूर ड्रॉइंगच्या पीडीएफवर मंजुरीचा रकाना रिकामा. इश्यू झालेल्या रेव्हिजनवर सिंकने पुन्हा हात लावू नये, स्टेटस बघून वगळावं.

'शेवटी कोणी बदललं' मध्ये सर्व्हिस अकाउंटचं नाव येतं. ऑडिटला चालतं, पण काढणाऱ्याचं नाव त्या रकान्यातून उचलत असाल तर सगळी ड्रॉइंगं एकाच माणसाने काढलेली दिसतील.

रेघोटी

त्याच सर्व्हिस अकाउंटवरून आणखी एक. सिंकने फाइल चेक-इन केली की डीएमएस 'फाइल बदलली' असा निरोप देतं, त्यावर सिंक पुन्हा जागा होतो, वाचतो, लिहितो, पुन्हा निरोप. चक्र. दोन कुलपं लावा: स्वतःच्या अकाउंटचे निरोप दुर्लक्षित करा, आणि लिहिण्याआधी तुलना करा. एकही मूल्य वेगळं नसेल तर सेव्हच करू नका.

फाइलीशेजारी डीडब्ल्यूएल किंवा डीडब्ल्यूएल२ दिसली तर ती कोणीतरी उघडलेली आहे, रांगेत मागे टाका. ऑटोकॅड कोसळलं की या फाइली उगाच मागे राहतात, म्हणून डीडब्ल्यूएल नोटपॅडमध्ये उघडून आतलं नाव आणि वेळ बघा, मगच उडवा.

टीस्क्वेअर

सुरुवात कोरड्या फेरीने करतो: काहीही न लिहिता फक्त वाचून फरकांचा तक्ता. ॲटआउटने एक्सेलमध्ये काढला तर चालेल का?

लिस्पवाला

चालेल. एक्सप्रेस टूल्समधलं ॲटआउट टॅबने तोडलेली टेक्स्ट फाइल देतं: हँडल, ब्लॉकचं नाव, मग एकेक टॅग. हँडलच्या आधी अवतरणचिन्ह असतं, ते काढू नका. हँडल षोडशमान असतो, १ई५ असा हँडल एक्सेलने आकडा समजून १००००० केला की ॲटइनला (तक्ता परत ड्रॉइंगमध्ये घेणाऱ्या कमांडला) तो ब्लॉक सापडत नाही. त्याच कारणाने ड्रॉइंग नंबरमधला ००४२ चा ४२ होतो. फाइल डबल-क्लिकने उघडू नका, डेटा टॅबमधून आयात करा आणि सगळे रकाने 'टेक्स्ट' म्हणून निवडा.

पण ॲटआउट एका वेळी एकाच ड्रॉइंगचं. ४००० साठी रेघोटी म्हणतात त्या डॉटनेटच्या रस्त्यानेच वाचा. वाचण्याने फाइल बिघडत नाही, तेव्हा हाच कोड आधी लिहून घ्या.

फाईलकारकून

फरकांची प्रतवारी करा. टायटल ब्लॉकच सापडला नाही, दोन सापडले, टॅग कमी आहे, मूल्य फक्त मोकळ्या जागेने किंवा लहान-मोठ्या अक्षरांनी वेगळं आहे, मूल्य खरोखर वेगळं आहे. चौथी प्रत आपोआप निकालात काढा. पाचवीत रेव्हिजन वेगळं असेल तर ते प्रोग्रॅमवर सोडू नका, इश्यू झालेलं पीडीएफ उघडून बघा. बाहेर गेलेल्या कागदावर जे छापलंय ते खरं, मग डीडब्ल्यूजी आणि डीएमएस काहीही म्हणोत.

टीस्क्वेअर

पहिल्या फेरीला एकाच विभागाच्या २०० फाइली घेतो, डायनॅमिक ब्लॉक असलेल्या आणि मराठी शीर्षकांच्या काही मुद्दाम धरून. मूळ फाइलींची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर. बीएके फाइलींवर (ऑटोकॅड सेव्ह करताना ठेवतं त्या जुन्या प्रतींवर) अवलंबून राहिलं तर?

रेघोटी

नको. डेटाबेसने थेट सेव्ह केल्यावर बीएके आपोआप तयार होत नाही, आणि कोअर कन्सोलच्या दुसऱ्या सेव्हला पहिली बीएके पुसली जाते. प्रत काढा आणि प्रत्येक फाइलीचं जुनं मूल्य, नवं मूल्य आणि लिहिल्याची वेळ सीएसव्हीमध्ये ठेवा. मागे यायची वेळ आली तर अख्खी फाइल परत टाकू नका, तोवर ड्राफ्ट्समनने तिच्यात काम केलेलं असेल. त्या सीएसव्हीतली जुनी मूल्यं त्याच प्रोग्रॅमने परत लिहा.